'सगळं करा डॉक्टर' म्हणायच्या आधी : व्हेंटिलेटर, आयसीयू आणि लिव्हिंग विलबद्दल घरच्यांना माहीत असायला हवं ते

रात्री अडीच वाजता आयसीयूचं दार उघडतं, तिशीसुद्धा न ओलांडलेला एक डॉक्टर हातात फॉर्म घेऊन बाहेर येतो आणि म्हणतो, ऑक्सिजन मेंटेन होत नाहीये, ट्यूब टाकावी लागेल, सही करा. बाहेर आपण तिघं चौघं, कोणी बाकावर झोपलेलं, कोणी चहा आणायला गेलेलं. आपण विचारतो, नाही टाकली तर? तो म्हणतो, मग काही सांगता येत नाही. झालं, आपण सही करतो आणि वर म्हणतो, "जे काय असेल ते सगळं करा डॉक्टर, पैशाचं बघू आम्ही." माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या वेळी हे वाक्य मीच म्हणालो होतो. वय 79, फुप्फुसं सिगरेटने आधीच गेलेली, वर्षात तिसरी ॲडमिशन. पुढचे 19 दिवस त्या "सगळं" मध्ये नक्की काय काय येतं ते मी रोज बघितलं, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, वकील नाही, आणि इथलं वाचून डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका, पण काय विचारायचं हे तरी कळेल.

आधी टेकूची गोष्ट. जुन्या वाड्याची भिंत कलली की आपण लाकडाचा टेकू लावतो. टेकूने भिंत दुरुस्त होत नाही, गवंडी येऊन काम करेपर्यंत ती पडू नये एवढंच. लाइफ सपोर्ट म्हणजे अगदी हेच. न्यूमोनियाचा 40 वर्षांचा माणूस, सापाचं विष चढलेला शेतकरी, बाळंतपणात रक्त गेलेली बाई, यांना व्हेंटिलेटर लावतात तेव्हा आत गवंडी काम करत असतो, औषधं आपलं काम करतात, चार दिवसांनी टेकू निघतो आणि माणूस चालत घरी जातो. असे कित्येक जातात, तेव्हा "व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे संपलं" हे पहिल्यांदा डोक्यातून काढा. आणि दुसरं, तितकंच खरं, की पायाच खचला असेल तर टेकू कितीही भारी असला तरी भिंत उभी राहायची नाही, फक्त पडायला वेळ लागेल आणि तो वेळ त्या माणसाच्या अंगावर जाईल. म्हणून पहिला प्रश्न "मशीन लावू का नको" हा नाहीच. आत दुरुस्त होण्यासारखं काही आहे का, हा आहे.

आता "सगळं" मध्ये काय येतं ते बघू. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते, त्यामुळे पेशंटला बोलता येत नाही, खाता येत नाही, नळी सहन व्हावी म्हणून बहुतेक वेळा गुंगीत ठेवतात, आणि नळी ओढू नये म्हणून कधी कधी हात बांधतात. अप्पांचे हात पट्टीने कॉटला बांधलेले बघून माझी बहीण सिस्टरवर ओरडली होती, नंतर तिलाच वाईट वाटलं. दहा पंधरा दिवसांत नळी निघाली नाही तर गळ्याला भोक पाडून ट्रॅकिओस्टॉमी करायची का असं विचारतात. हा टप्पा आला की थांबून बोलायचंच, कारण इथून पुढे अनेकदा महिन्यांचा हिशेब सुरू होतो. ट्यूब टाकायच्या आधीची पायरी बायपॅप, म्हणजे घट्ट मास्क, त्यात नळी नसते. काही वेळा घरच्यांनी आणि पेशंटने "बायपॅपपर्यंत जाऊ, ट्यूब नको" असं आधी ठरवलेलं असतं, आणि हे ठरवता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

बीपी टिकवायला जी औषधं पंपातून चालू असतात त्यांना आयसीयूत सर्रास आयनोट्रोप म्हणतात, नॉरॲड हा शब्द कानावर पडेल. त्याचा डोस रोज कमी होतोय का वाढतोय हे विचारा. किडनी बंद पडली की डायलिसिस. नाकातून पोटात रायल्स ट्यूब, जेवण त्यातून. आणि हृदय बंद पडलं की सीपीआर, म्हणजे सिनेमात दाखवतात तसं दोनदा दाबलं आणि डोळे उघडले असं नसतं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाबतात, म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या बऱ्याचदा मोडतात. मोठमोठ्या अमेरिकन नोंदींमध्येसुद्धा हॉस्पिटलात सीपीआर दिलेल्या चार जणांतला साधारण एकच घरी जातो, आणि त्यात तरणे, नुकता हार्ट ॲटॅक आलेले सगळे धरलेत. शेवटच्या स्टेजचा कॅन्सर किंवा अप्पांसारखी फुप्फुसं असली की आकडा खूपच खाली.

सीपीआर नको असेल तर त्याला डीएनआर किंवा डीएनएआर म्हणतात. त्यावर आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यातला सगळ्यात मोठा गैरसमज हा की डीएनआर लिहिलं की पेशंटकडे कोणी बघत नाही. तसं नाही. फक्त हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही एवढंच, बाकी अँटिबायोटिक, ऑक्सिजन, दुखण्याचं औषध सगळं चालू राहतं.

डॉक्टरांची भाषा

हे शिकायला मला आठवडा गेला. "क्रिटिकल बट स्टेबल" ऐकून आम्ही खूश झालो होतो, स्टेबल म्हणाले ना! त्याचा अर्थ एवढाच की कालच्यापेक्षा बिघडलं नाही, कालच वाईट होतं. "प्रोग्नोसिस गार्डेड" म्हणजे खात्री नाही, "पोअर" म्हणजे आशा फार कमी. "पुढचे 48 तास महत्त्वाचे" हे दर 48 तासांनी सांगितलं जातं. "आम्ही आमच्या बाजूने प्रयत्न करतोय, बाकी देवाच्या हातात" म्हणजे बहुतेक वेळा डॉक्टरला कळलंय, तुम्हाला सांगायला जड जातंय. जीसीएस हा शुद्धीचा मार्क, 15 पूर्ण, सगळ्यात कमी 3 (शून्य नसतो, त्यामुळे 3 ऐकून "तीन तरी आहे" असं समजू नका, आम्ही समजलो होतो). एफआयओटू म्हणजे मशीन किती टक्के ऑक्सिजन देतंय, आपण श्वास घेतो त्या हवेत 21 टक्के असतो, मशीन 40 वर असेल तर वेगळी गोष्ट आणि दिवसेंदिवस 90-100 वर असेल तर वेगळी.

मग विचारायचं काय. घरातला एकच माणूस बोलायला ठरवा, एक वही ठेवा, आणि रेसिडेंटला, म्हणजे ड्यूटीवरच्या ज्युनिअर डॉक्टरला गाठून नाही तर मुख्य कन्सल्टंटची वेळ मागून, बसून विचारा. माझ्या मते हे प्रश्न पुरतात: मूळ आजार कोणता आणि तो बरा होण्यासारखा आहे का? सगळं नीट झालं तर ते घरी कसे येतील, चालत, खुर्चीत, का अंथरुणात नळ्यांसकट? किती दिवस बघायचं आणि त्या दिवसांत काय दिसलं की सुधारणा म्हणायची? हा शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. बरेच इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर) स्वतःच म्हणतात की तीन दिवस किंवा पाच दिवस पूर्ण ताकदीने ट्रीटमेंट करून बघू, त्यात किडनी, बीपी, शुद्ध यात फरक नाही पडला तर परत बसू. अशी मुदत ठरली की घरच्यांच्या डोक्यावरचा धोंडा निम्मा उतरतो, कारण मग रोज सकाळी उठून निर्णय घ्यायचा नसतो.

आणि अजून एक विचारा, जे मी विचारलं नाही: "डॉक्टर, तुमचे वडील असते तर?" काही डॉक्टर टाळतात, काही एकदम मोकळं बोलतात.

कोमा, ब्रेन डेड, आणि अरुणा शानबाग

कोमा, व्हेजिटेटिव्ह स्टेट आणि ब्रेन डेड हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि घोळ होतो. कोमातला माणूस जिवंत आहे, काही बाहेर येतात. व्हेजिटेटिव्ह स्टेटमध्ये डोळे उघडे असतात, झोप-जाग असते, श्वास स्वतःचा असतो पण भान नसतं. मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्यानंतर जवळजवळ 42 वर्षं अशाच अवस्थेच्या आसपास होत्या, त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्या, केईएमच्या नर्सेस त्यांना भरवायच्या, अंग पुसायच्या. त्यांना मरू द्यावं अशी याचिका झाली ती सुप्रीम कोर्टाने 7 मार्च 2011 ला फेटाळली, या नर्सेसचाही विरोध होता, पण त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवता येतील हे भारतात पहिल्यांदा मान्य झालं. त्या 18 मे 2015 ला न्यूमोनियाने गेल्या.

ब्रेन डेड मात्र वेगळं, तो मृत्यूच आहे. हृदय स्वतःच्या लयीने काही काळ चालतं म्हणून अंग गरम लागतं, मॉनिटरवर रेष नाचते आणि विश्वास बसत नाही. अवयवदानाच्या 1994 च्या कायद्यात याच्या तपासण्या ठरवून दिल्या आहेत, चार डॉक्टरांचं पॅनल, सहा तासांच्या अंतराने दोनदा टेस्ट, त्यात ॲप्निया टेस्ट, म्हणजे मशीन बाजूला करून स्वतःचा श्वास येतो का ते बघणं. इथे "सेकंड ओपिनियन घेऊ, बाहेरून मोठा डॉक्टर बोलवू" यात वेळ घालवण्यापेक्षा टेस्टचे कागद दाखवा म्हणा. अवयवदान करायचं मनात असेल तर हीच वेळ, हॉस्पिटलचा कोऑर्डिनेटर मुंबई, पुणे, नागपूर किंवा संभाजीनगरच्या झेडटीसीसीशी, म्हणजे अवयव कोणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या विभागीय केंद्राशी बोलतो.

"बंद करणं" म्हणजे मारणं नाही

आमच्या घरात यावरूनच फाटलं. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले फुप्फुसं परत येणार नाहीत. मी म्हटलं थांबूया, काका म्हणाले, "बापाला मारायला निघालास काय?" आत्या तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तर शांतपणे. इंजेक्शन देऊन मारणं भारतात गुन्हा आहे, आजही. पण ज्या उपचाराचा उपयोग नाही तो सुरू न करणं किंवा सुरू केलेला थांबवणं, आणि आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी 9 मार्च 2018 ला मान्य केलंय, सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे म्हणून. पेपरात याला कधी इच्छामरण म्हणतात कधी दयामरण, दोन्ही शब्दांनी गैरसमजच वाढतात. आणि आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे, विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी, औषध तिन्ही नाकारलं, त्यांना कोणी मारलं असं कोणी म्हटलं नाही. (अर्थात विनोबा शुद्धीत होते आणि स्वतः ठरवत होते, आयसीयूत तेच तर नसतं, सगळी गोची तिथेच.)

2018 ची पद्धत इतकी किचकट होती, मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टरपर्यंत जायचं, की कोणी जाईना. 24 जानेवारी 2023 ला कोर्टाने ती सोपी केली. आता असं चालतं: हॉस्पिटल स्वतःचं प्रायमरी बोर्ड बसवतं, त्यात तुमचे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. ते घरच्यांशी बोलून, शक्यतो 48 तासांत मत देतात. मग सेकंडरी बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि आधीच्या बोर्डात नसलेले दोन तज्ज्ञ, त्यांनाही शक्यतो 48 तास. दोन्ही हो म्हणाले आणि घरच्यांची लेखी संमती असली की हॉस्पिटल मॅजिस्ट्रेटला फक्त कळवतं, परवानगी मागत बसायची नसते. बोर्ड नाही म्हणालं तर हायकोर्टाचा रस्ता उघडा आहे. पेशंटने लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, केलं असो वा नसो, वाट साधारण हीच.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. आमच्या हॉस्पिटलात मी बोर्डाबद्दल विचारलं तर समोरच्याचा चेहराच कोरा, आणि थोड्या वेळाने ॲडमिनचा माणूस येऊन म्हणाला, "तुम्ही डामा घ्या ना." डामा किंवा लामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज. गंमत बघा, सल्ला त्यांचाच आणि कागदावर "सल्ल्याविरुद्ध" आम्ही. हजारो घरं हेच करतात, ॲम्ब्युलन्समध्ये वॉर्डबॉय अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत बसतो, घरी पोचल्यावर नळी काढतो आणि जातो, आणि तो माणूस कसलंही औषध नसताना, धाप लागून, घाबरलेल्या नातेवाइकांसमोर जातो. ती सही करायच्या आधी बोर्डाची मागणी लेखी द्या, एक साधा अर्ज, पोच घ्या. आणि घरीच न्यायचं असेल, जे बऱ्याच जणांना खरंच हवं असतं, तर धाप आणि वेदनेचं औषध, ऑक्सिजनची सोय, फोन उचलणारा डॉक्टर किंवा नर्स एवढं ठरवून मगच न्या. घरी मृत्यू झाला तर फॅमिली डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला (फॉर्म 4 ए) लागतो, स्मशानात तोच मागतात, म्हणून त्या डॉक्टरांना आधीच कल्पना देऊन ठेवा, नाहीतर रात्री तीनला दाखल्यासाठी फिरायची वेळ येते. नोंदणी 21 दिवसांत.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार, याचा अर्थ "आता काही करायचं नाही" असा नाही, उलट तेव्हाच खूप करायचं असतं. धाप, दुखणं, उलटी, घाबरणं, तोंड कोरडं पडणं. मॉर्फिनला लोक घाबरतात, नीट डोसमध्ये ते जीव घेत नाही, धाप कमी करतं. मुंबईत टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह विभाग आहे, वांद्र्याला 1986 पासून शांती अवेदना सदन आहे, गोव्यातही त्यांचं सेंटर आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं 1997 पासून. ही मुख्यतः कॅन्सरसाठीची. शेवटच्या दिवसांत माणूस खाणं सोडतो, तेव्हा "उपाशी मारतोय का आपण" असं वाटून जबरदस्ती भरवू नका, शरीराला ते नकोच असतं आणि भरवलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. घरघर लागते ती आपल्याला ऐकवत नाही, पण बहुतेक वेळा त्यांना तोवर ते जाणवत नसतं. आणि तुळशीचं पान, गंगाजल, हे सिस्टरला विचारा, ओठांवर थेंब लावू देतात. आम्ही शेवटी विचारलं, तिने लगेच हो म्हटलं, कापसाने स्वतः ओठ ओले करून दिले.

पैशाचं बोलायला लाज वाटते, पण बोला. पैसे संपले म्हणून थांबावं लागलं तर तो गुन्हा नाही, आणि पैसे आहेत म्हणून चालू ठेवणं हे प्रेमाचं प्रमाणपत्रही नाही. ट्रस्टची धर्मादाय हॉस्पिटलं असतील तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, तिथल्या सोशल वर्करला पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर नाही. बिल बाकी आहे म्हणून बॉडी अडवून ठेवता येत नाही.

"धाकटा अमेरिकेहून येईपर्यंत ठेवा" असं बऱ्याच घरांत होतं. यात वावगं काही नाही, डॉक्टरही समजून घेतात, फक्त विमानाची तारीख सांगा आणि त्या तारखेनंतर काय ते आधीच ठरवा. आणि धाकट्याला आधीच व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलायला लावा, कारण जो शेवटी येतो तो सगळ्यात जास्त जोरात "अजून प्रयत्न करा" म्हणतो, त्याने मधले पंधरा दिवस बघितलेले नसतात.

हे सगळं टाळायला : लिव्हिंग विल

मृत्युपत्र वेगळं, त्यात घर-शेती कोणाला ते. लिव्हिंग विल जिवंतपणीचं, मला बोलता येत नसेल आणि बरं होण्याची आशा नसेल तेव्हा माझ्यावर काय करायचं आणि काय नाही. वय 18 च्या वर आणि डोकं ठिकाणावर असलं की कोणीही करू शकतं. "मला त्रास देऊ नका" एवढं मोघम लिहून उपयोग नाही, नीट लिहा: व्हेंटिलेटर, सीपीआर, डायलिसिस, रायल्स ट्यूब, कोणत्या स्थितीत नको. तुमच्या वतीने कोण बोलेल ते लिहा, एकापेक्षा जास्त नावं देता येतात, आणि त्या लोकांना आधी विचारा, काही जणांना ते झेपत नाही. दोन साक्षीदार, शक्यतो घरातले नकोत, आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर सही. एक कॉपी त्या नेमलेल्या माणसांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या कस्टोडियनकडे, म्हणजे हे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं. कस्टोडियन नेमलेच जात नव्हते, मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात याचिका केली तेव्हा महाराष्ट्रात ते हललं. गोव्यात 31 मे 2024 ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनीच स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली.

अप्पा एकोणिसाव्या दिवशी गेले, ट्यूब असतानाच, आमचं ठरायच्या आधीच. त्यांना काय हवं होतं ते कोणीच कधी विचारलं नव्हतं. आईला मी गेल्या वर्षी विचारलं, भीत भीत, वाटलं चिडेल. ती भाजी निवडत होती, म्हणाली, "नळ्या नकोत, हात बांधायचे नाहीत, आणि तुझ्या काकांना विचारायचं नाही." तिसरं वाक्य सोडून बाकी नोटरीने टाइप केलं. कस्टोडियनची कॉपी द्यायला गेलो तर काउंटरवरचा म्हणाला मृत्युपत्र इथे घेत नाही, रजिस्ट्रारकडे जा, मग आरोग्य अधिकाऱ्यांच्या केबिनपर्यंत जाऊन पोच आणली. मूळ कागद मेडिक्लेमच्या फायलीत आहे, आणि त्याचा फोटो माझ्या, बहिणीच्या आणि शेजारच्या जोशी काकूंच्या मोबाइलमध्ये, कारण रात्री अडीचला पहिली तीच येणार.